सुटका, सकाळी ११:४०

दर रविवारी दुपारी चारच्या ठोक्याला अश्वजितचा फोन यायचा. अमेरिकेत गेल्यापासून तीन वर्षांत त्याने एकही रविवार चुकवला नव्हता. अंगात ताप असला तरी पांघरुणातून दोन शब्द बोलायचा. २०२० च्या जुलैतल्या पहिल्या रविवारी मात्र चार वाजले, साडेचार झाले, आणि सुमतीबाई मांडीवर टॅबलेट घेऊन सोफ्यावर तशाच बसून राहिल्या.

"आई, तिकडे चार जुलैची सुट्टी असते. गेला असेल कुठेतरी," धम्मदीपा म्हणाली.

"कुठे जाईल? सगळं जग घरात बसलंय."

सुमतीबाई स्वतःही अशाच घरात बसलेल्या होत्या. फेब्रुवारीत त्या नागपूरहून लेकीकडे, नेदरलँड्समधल्या बेस्ट या गावी, दोन महिन्यांसाठी म्हणून आल्या आणि विमानं बंद झाल्यावर तिथेच अडकल्या. धम्मदीपा आणि तिचा नवरा धनराज, दोघंही इंजिनियर, दोघांचीही ऑफिसं आता घरातच. तो खाली जेवणाच्या टेबलाशी, ती वरच्या खोलीत. दिवसभर घरात दोन मीटिंगा चालायच्या आणि मधल्या जिन्यावर सुमतीबाई पाय न वाजवता चहा घेऊन वरखाली करायच्या.

सोमवारी दुपारी श्रीकांतचा फोन आला. श्रीकांत म्हणजे अश्वजितचा तिथला रूममेट, मूळचा अकोल्याचा.

"ताई, मावशी जवळ नाहीत ना?"

धम्मदीपाने उठून दार लावलं. "बोल."

"शुक्रवारी संध्याकाळी अश्वजित गाडी घेऊन बाहेर गेला होता. शेजारच्या टॅलबर्न काउंटीत पोलिसांनी थांबवलं. मागे त्याला वेगाबद्दल पावती मिळाली होती, तिची कोर्टाची तारीख एप्रिलमध्ये होती. तेव्हा कोर्टच बंद होतं. नवी तारीख म्हणे जुन्या पत्त्यावर पाठवली. हा गेला नाही, म्हणून वॉरंट निघालं."

"मग सोडलं कधी?"

"सोडलं नाही, ताई. मी तिथे जाऊन आलो. गेटवरूनच परत पाठवलं. कोरोनामुळे आत कुणालाच घेत नाहीत. म्हणाले, वेबसाइटवर बघा."

वेबसाइट. धम्मदीपाला वाटलं, एवढा मोठा देश, कैद्यांची एखादी मोठी यादी असेल, नाव टाकलं की सापडेल. तसं काहीच नव्हतं. काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा. प्रत्येक काउंटीचं जेल वेगळं, शेरिफ वेगळा, नोंदवही वेगळी. टॅलबर्नच्या शेरिफचं पान जुनाट होतं. त्यावर नाव आणि आडनाव अशा दोन चौकटी होत्या आणि दोन्ही भरल्याशिवाय ते पुढे सरकत नव्हतं.

तिची बोटं तिथेच थांबली, कारण तिच्या भावाला आडनाव नव्हतं. आडनाव ऐकलं की लोक माणसाचं सगळं गणित मांडून मोकळे होतात, ते आपल्या पोरांच्या मागे नको, असं सुमतीबाईंनी आणि त्यांच्या नवऱ्याने ठरवलं होतं. दोघांच्याही पासपोर्टवर एकच शब्द. इथे गेमेंटेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, काउंटरवर धम्मदीपालाही त्यापायी अर्धा तास उभं राहावं लागलं होतं. तिने अश्वजितचं नाव दोन्ही चौकटींत घालून पाहिलं. वडिलांचं नाव घालून पाहिलं. स्पेलिंग बदलून पाहिलं. प्रत्येक वेळी एकच उत्तर: नोंद नाही.

"ताई," श्रीकांत फोनवर म्हणाला, "त्याच्या लायसन्सवर पहिलं नाव एफ, एन, यू असं आहे. फर्स्ट नेम अननोन. एकच नाव असलं की इथे तसं लावतात. ऑफिसात त्याला सगळे फ्नूच म्हणतात."

तिने पहिल्या चौकटीत ती तीन अक्षरं घातली, दुसऱ्या चौकटीत अश्वजित लिहिलं.

पान उघडलं. वर फोटो. चष्मा काढून घेतला होता, त्यामुळे तो कॅमेऱ्याकडे पाहत असूनही नजर कुठेतरी बाजूला लागली होती. खाली नोंदी: बुकिंग क्रमांक, उंची, वजन, आत घेतल्याची वेळ, आरोप, बराक डी. आणि सुनावणीच्या पुढे: लांबणीवर.

डी बराक क्वारंटाइनमध्ये होती. तिथून कुणालाही न्यायाधीशासमोर नेत नव्हते, व्हिडिओवरसुद्धा नाही. आणि सुनावणी झाल्याशिवाय जामीन नाही.

त्या संध्याकाळी तिने आईला सांगितलं, "अश्वजितचा फोन बिघडलाय. श्रीकांतने मेसेज केलाय. ठीक आहे तो."

सुमतीबाईंनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग "बरं," एवढंच म्हणाल्या.

बुधवारी अश्वजितला जेलमधून फोन करायला मिळाला. परदेशात फोन लागत नव्हता, म्हणून त्याने श्रीकांतला केला आणि श्रीकांतने तो इकडे जोडून दिला.

"दीपे."

"हं, बोल. जेवलास का? औषध काही—"

"दीपे, इथे सगळे खोकतायत." तो स्वतःही थांबून थांबून बोलत होता. "चाळीस जणांची जागा आहे, आम्ही सत्तर आहोत. माझ्या वरच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याला काल रात्री चादरीत घालून नेलं. चालत नव्हता तो. सकाळी विचारलं कुठे आहे, तर गार्ड म्हणतो, सुटला."

"सुटला म्हणजे?"

"घरी गेला म्हणतो." खोकला आला, तो बराच वेळ चालला. "आईला सांगू नकोस."

फोन कापला गेला. पंधरा मिनिटं मिळायला हवी होती. घड्याळात पाहिलं तर तीनच झाली होती.

त्यानंतर धम्मदीपाने ते पान रोज दुपारी तीनला, तिकडे सकाळ असताना, उघडायचा नेमच धरला. सुटलेल्यांची एक वेगळी यादी असते आणि त्यात नाव तीनच दिवस राहतं, मग कायमचं निघून जातं, हे तिच्या लक्षात आलं. म्हणून ती दोन्ही याद्यांचे फोटो काढून, तारीख घालून ठेवू लागली. ऑफिसात यंत्रांच्या बिघाडाच्या नोंदी ती अशाच ठेवायची. धनराज म्हणाला, "याने होणार काय आहे?" निदान रोज अश्वजितचं नाव दिसत होतं. नाव आहे म्हणजे तो आहे.

चौदा तारखेला, मंगळवारी, तीन वाजता तिने पान उघडलं आणि नाव नव्हतं.

तिने सुटलेल्यांची यादी उघडली. वरून सातवं नाव. फ्नू अश्वजित. १३ जुलै, सकाळी ११:४०. वैयक्तिक हमीवर सुटका, म्हणजे पैसे न भरता, स्वतःच्या शब्दावर.

ती जिन्यावरून जवळजवळ घसरतच खाली आली आणि धनराजच्या कानात म्हणाली, "सुटला!" त्याने मीटिंगमध्ये असतानाच तिचा हात घट्ट धरला. सुमतीबाई ओट्याशी पोळ्या लाटत होत्या. त्यांनी मान वर केली.

आनंद तासभर टिकला. श्रीकांत म्हणाला, "ताई, काल सुटला तर घरी यायला हवा होता. फोन तर बंदच येतोय." तो गाडी घेऊन टॅलबर्नला गेला. जेलसमोरचा बसथांबा, पेट्रोल पंप, दोन मोटेल, सगळीकडे फोटो दाखवत फिरला. पाऊण मैलावर एक हॉटेल होतं, तिथली मुलगी म्हणाली, सुटलेली माणसं पहिल्यांदा इथेच येतात, फोन मागायला. हा नाही आला.

धम्मदीपाने जेलला फोन लावला. चौथ्यांदा माणूस भेटला.

"सुटलाय, मॅडम."

"कुठे गेला?"

"सुटलेला माणूस कुठे जातो ते आम्ही लिहीत नाही."

"तो आजारी होता. चालत बाहेर गेला का? कुणी पाहिलं का त्याला?"

"सुटलाय, मॅडम," तो माणूस पुन्हा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, घाईही नव्हती. तेच तिला जास्त लागलं.

शेवटी तिने नोंदणी विभागाला लिहिलं. बुकिंगचा आणि सुटकेचा कागद कुणीही मागू शकतो, तो कायद्याने द्यावा लागतो, हे तिने तोवर शोधून काढलं होतं. उत्तराला दहा दिवस लागतील असं वर छापलेलं होतं, म्हणून तिने तिथेही फोन केला. एका वयस्कर बाईने उचलला. धम्मदीपाने बुकिंग क्रमांक सांगितला. पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला आणि मध्येच थांबला.

"तू बहीण का त्याची?" बाईंनी विचारलं.

"हो."

"मला जे पाठवायची परवानगी आहे, ते सगळं उद्या सकाळीच पाठवते. नीट वाच, पोरी."

दुसऱ्या दिवशी दुपारी ईमेलने ते दोन कागद आले. धम्मदीपा ते वाचत असताना दार कधी उघडलं हे तिला कळलंच नाही. टेबलावर चहाचा कप ठेवल्याचा आवाज झाला. तिने लॅपटॉपचा पडदा झाकायला हात नेला, पण उशीर झाला होता. पहिल्या कागदावर तो फोटो होता.

सुमतीबाई वाकून पाहत राहिल्या. "याचा चष्मा कुठाय?" त्या म्हणाल्या.

"आई—"

"जेल आहे ना हे?"

धम्मदीपाने सगळं सांगितलं. सांगताना ती रडली. सुमतीबाई नाही रडल्या. त्यांनी फक्त खुर्ची ओढली, पदराने चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "दुसरा कागद दाखव. मोठा कर."

सुमतीबाईंनी एका सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं नोंदी लिहिल्या होत्या. कोण आत आला, कोण बाहेर गेला. त्यांचं बोट पडद्यावरून ओळीओळीने खाली सरकू लागलं.

"सुटल्याची वेळ अकरा चाळीस. कोणाच्या ताब्यात? स्वतःच्या. आणि हे काय?"

"सामान परत दिलं का, असा रकाना आहे." धम्मदीपाने वाचलं. "नाही, असं लिहिलंय."

"म्हणजे फोन नाही, पाकीट नाही, बूट नाही, चष्मा नाही. असा कोण बाहेर जातो?" बोट आणखी खाली गेलं. "आणि ही सही कुणाची?"

फ्नू अश्वजित, इंग्रजीत, गोल गोल अक्षरं.

"अश्वजित मराठीत सही करतो," सुमतीबाई म्हणाल्या. "बँकेत, पासपोर्टवर, सगळीकडे. सातवीत असताना मी गिरवून घेतली होती त्याच्याकडून."

खालून धनराजचं बोलणं अस्पष्ट ऐकू येत होतं. सुमतीबाईंनी चष्मा काढून हातात धरला.

"मी लिहिल्यात अशा नोंदी," त्या म्हणाल्या.

"काय म्हणतेस?"

"साहेब सांगायचे. पेशंट हाताबाहेर गेला, वॉर्डात आधीच त्या महिन्यात जास्त गेलेत, मग लिही, नातेवाइकांच्या इच्छेवरून घरी सोडला. वॉर्डात मेला तर आकडा आपला. गेटबाहेर मेला तर कुणाचाच नाही. मी लिहायची, दीपा. नोकरी होती, तुम्ही दोघं लहान होतात. वेळ घालायची, सही घ्यायची. कधी सही करायला माणूस शुद्धीवर नसायचा." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "हा बाहेर कुठे गेलेला नाही. त्याला दवाखान्यात नेलंय. फोन लाव."

जेलच्या आसपास तीन हॉस्पिटलं होती. पहिल्या दोघांनी नाही म्हटलं. तिसरं पलीकडच्या काउंटीत, चाळीस मैलांवर. तिथेही अश्वजित नावाचा पेशंट नव्हता.

"फ्नू असेल," धम्मदीपा म्हणाली. "एफ, एन, यू. पहिलं नाव म्हणून बघा."

पलीकडे टाइप केल्याचा आवाज. मग, "तुम्ही कोण बोलताय?"

तो तिथे सोमवार सकाळपासून होता. व्हेंटिलेटरवर. जवळचं कुणी नाही असं त्याच्या फाइलवर लिहिलेलं होतं, आणि नर्सने दोनदा जेलला फोन केला तेव्हा तिला सांगितलं होतं, तो आता आमचा कैदी नाही, आमच्याकडे त्याचा काही पत्ता नाही.

संध्याकाळी सहाला, तिकडे सकाळ होती तेव्हा, नर्सने टॅबलेट त्याच्यासमोर धरला. तिने नखशिखांत प्लास्टिक घातलं होतं, फक्त डोळे दिसत होते. अश्वजितचा चेहरा नळ्यांमागे सुजला होता. त्याच्या घोट्याजवळ कातडीवर लाल कडं उमटलेलं धम्मदीपाला दिसलं, आणि ते बेडीचं असणार हे तिने आईला सांगितलं नाही.

सुमतीबाई पडद्याच्या अगदी जवळ गेल्या. "अश्वजित, मी आई. दीपाकडे आहे मी, बरी आहे. तुझा पत्ता लागलाय आम्हाला, कळलं? तू हरवलेला नाहीस आता." मग त्यांनी त्रिसरण म्हटलं, सावकाश, लहानपणी झोपवताना म्हणायच्या तसं. धनराज दाराशी उभा होता, त्यानेही हात जोडले. नर्स हात अवघडला तरी टॅबलेट खाली न ठेवता उभी राहिली.

शुक्रवारी दुपारी अश्वजित गेला.

तिकडचं सगळं श्रीकांतने केलं. बेस्टच्या बैठकीच्या खोलीत बुद्धमूर्तीसमोर मेणबत्ती लावून तिघं बसली आणि नागपूरहून, पुण्याहून, इथल्या झूटरमेरहून नातेवाईक आणि मित्र पडद्यावर चौकोनाचौकोनांत जमले. रडणं एकाचं ऐकू यायचं आणि चेहरा दुसऱ्याचाच मोठा व्हायचा. त्यानंतर आठवडाभर सुमतीबाई पहाटे उठून मागच्या अंगणात बसायच्या आणि कालव्याकडे बघत राहायच्या.

जुलैच्या शेवटी टॅलबर्नच्या शेरिफचं निवेदन आलं. श्रीकांतने पाठवलं. कठीण काळात आमच्या कर्मचाऱ्यांनी मोठी कामगिरी केली, आमच्या कोठडीत कोरोनाने एकही मृत्यू झालेला नाही.

धम्मदीपाने ते दोनदा वाचलं आणि आईला वाचून दाखवलं. तिला वाटलं होतं, आई कोसळेल. सुमतीबाई म्हणाल्या, "तू ते फोटो काढून ठेवलेस ना रोज? काढ ते सगळे."

दोघी वरच्या खोलीत बसल्या. आठ जुलैपासूनच्या दोन्ही याद्या होत्या. सुमतीबाईंनी शाळकरी वहीत रकाने आखले. डी बराकीत क्वारंटाइन, कुणाची सुनावणी नाही, सुनावणीशिवाय सुटका नाही. आणि तरीही तीन आठवड्यांत अश्वजितखेरीज डी बराकीतली पाच माणसं वैयक्तिक हमीवर सुटली होती. धम्मदीपाने पाचही जणांचे कागद मागवले. नोंदणी विभागातल्या त्या बाईंनी ते दुसऱ्याच दिवशी पाठवले. या वेळी सोबत एक अक्षरही लिहिलं नव्हतं. पाचही कागदांवर सामान परत दिलं नव्हतं. पाचही सह्यांची अक्षरं गोल होती. अश्वजितच्या अ‍ॅम्ब्युलन्सची नोंद तिने वेगळी मागवली. ती जेलमधून निघाली होती ९:५० ला. हॉस्पिटलच्या फाइलप्रमाणे ११:४० ला त्याच्या घशात नळी होती.

त्या पाचांपैकी दोघांच्या मृत्यूच्या बातम्या तिथल्या स्थानिक पेपरात सापडल्या. "घरी अल्प आजाराने," असं एकात छापलं होतं. तिने सगळं एका वकिलाला आणि एका वार्ताहराला पाठवलं. वकिलाचं उत्तर आलं, वेळ लागेल. वार्ताहराने फोन केला, बरेच प्रश्न विचारले आणि शेवटी म्हणाला, "जपून राहा. तुम्ही लांब आहात, पण तुमचा मित्र तिथेच राहतो." दुसऱ्याच दिवशी श्रीकांतने सांगितलं की शेरिफची गाडी दोनदा त्याच्या इमारतीसमोर थांबून गेली. तो आठवड्याभरात दुसऱ्या राज्यात राहायला गेला.

धनराज म्हणाला, "आता पुरे, दीपा. तो परत येणार नाही."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. पण दुपारी तीन वाजले की तिचा हात आपोआप त्या पानाकडे जायचा, आणि खुर्ची ओढून आई शेजारी बसायची.

अकरा ऑगस्टला यादीत नवं नाव होतं. डी बराक, वय अठ्ठावन्न, वैयक्तिक हमीवर सुटका, आजच, सकाळी ७:२०. तिकडे आत्ता आठ वाजले होते. म्हणजे चाळीस मिनिटांपूर्वी.

सुमतीबाईंनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. "आजचा आहे हा."

आडनाव दुर्मिळ होतं. फेसबुकवर त्याच काउंटीत त्याच आडनावाची एक बाई सापडली, एका बेकरीच्या फोटोखाली तिचा नंबर होता. धम्मदीपाने नंबर फिरवला आणि स्पीकर चालू केला. पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता.

"तुम्ही मला ओळखत नाही," धम्मदीपा म्हणाली. "मी नेदरलँड्समधून बोलतेय. तुमच्या घरचं कुणी टॅलबर्नच्या जेलमध्ये आहे का?"

"माझे भाऊ आहेत. का? कोण तुम्ही?"

"ते घरी आलेत का?"

"घरी कसे येतील? सुनावणी झाली नाही अजून." बाईचा आवाज चढला. "काय झालंय?"

धम्मदीपाने आईकडे पाहिलं. सुमतीबाई पुढे सरकल्या, मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "सिस्टर, पेन घ्या. हॉस्पिटलचा नंबर सांगते. आधी तिथे फोन करा, मग जेलला. किती वाजता कोण काय बोललं, सगळं लिहा."

भांड्यांचा आवाज थांबला. पलीकडे ड्रॉवर उघडल्याचं ऐकू आलं, काहीतरी खाली पडलं, आणि मग ती बाई म्हणाली, "सांगा."